सर्व्हर, क्लायंट आणि दुपारचा डबा

वाळूजला मी ज्या कारखान्यात नोकरीला होते, तिथं दोन गोष्टी तयार व्हायच्या. स्कूटरचे सुटे भाग आणि माणसांचे गट. सुटे भाग ट्रकमध्ये भरून पुण्याला जात. गट आमच्याकडंच राहत.

नव्वदीतली ती वर्षं. महिन्यापूर्वी जिथं ज्वारी उभी होती तिथं आता वॉचमन उभा असायचा, आणि त्याच्या पाठीमागं पत्र्याची नवी शेड. मी मूळची पिशोरची. आमच्या घरी मेंढरं. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी नोकरीला लागले, तेव्हा आत्यानं विचारलं होतं, "ते यंत्र खातं काय?" वीज खातं, म्हटलं. "मंग पिशोरला उपाशी मरंल," आत्या म्हणाली आणि विषय संपवला. कॉम्प्युटरबद्दल इतकं नेमकं मत मला पुढं कुठल्या तज्ज्ञाकडूनही ऐकायला मिळालं नाही.

आमचे मॅनेजर साहेब एकदा पुण्याच्या मोठ्या कारखान्यात जाऊन आले आणि तिथं त्यांना नेटवर्क दिसलं. परत आल्या आल्या त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "आपल्याकडं पण पाहिजे," म्हणाले. ते कशासाठी असतं हे त्यांनी विचारलं नाही. पुण्यात आहे म्हटल्यावर ते चांगल्यासाठीच असणार. आणि शनिवारी दुपारी कॅन्टीनमध्ये सगळ्या स्टाफला त्यातले शब्द समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. "साध्या मराठीत सांगा, मॅडम. लोक घाबरायला नकोत. मी पण बसणार आहे." सगळ्यात जास्त तेच घाबरले होते.

पहिला शब्द घेतला नेटवर्क. म्हटलं, सध्या आपली मशीनं एकेकटी आहेत. स्टोअरमध्ये माल किती आहे हे अकाउंटला बघायचं असेल तर शिपाई फ्लॉपी घेऊन आवारातून पळतो. मशीनं वायरीनं जोडली की ती आपापसांत बोलतील, शिपायाला पळावं लागणार नाही. त्या जोडणीला नेटवर्क म्हणायचं.

अकाउंटचे काका पुढच्याच खुर्चीत होते. शहरात, गुलमंडीमागच्या गल्लीत त्यांचं घर. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत कारकून, आणि काका आमच्याकडं बॅलन्सशीट जुळवायचे. घरात म्हाताऱ्या आईचं सोवळं होतं, बाहेर काकांची टेरिकॉटची पँट. ते म्हणाले, "अगं पोरी, इथं सेल्स आणि प्रॉडक्शन दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. आधी त्यांना वायर लाव."

मग केबल. ही एकच वायर सगळ्या टेबलांखालून जाते, मध्ये कुणाच्या पायानं निघाली की सगळ्यांचंच बंद पडतं, असं मी बजावून सांगितलं. ऐकून पहिल्यांदाच लोकांचे डोळे चमकले. आजवर ऑफिस बंद पाडायला युनियन लागत होती, आता नुसता पाय पुरणार होता. नेटवर्क लागल्यावर पहिल्या आठवड्यात ते जितक्या वेळा बंद पडलं, तितक्या वेळा सेल्सवाल्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

पॅकेट मात्र सगळ्यांना झटक्यात कळलं. मोठा निरोप मशीन एकगठ्ठा पाठवत नाही, तुकडे करून पाठवतं, त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. म्हटलं, आमच्या पिशोरहून वऱ्हाड निघतं तसं समजा. काही जण जीपनं कन्नडला जाऊन तिथून एसटी धरतात, काही थेट ट्रकमध्ये बसतात, वाटा वेगळ्या, पोचायची वेळ वेगळी. मांडवात सगळे आले का ते मोजतात, जो वाटेत राहिला त्याच्यासाठी पुन्हा जीप पाठवतात, आणि मग लग्न लागतं. परचेसचा माणूस मागून म्हणाला, "आणि मामा रुसून घरीच बसला तर?" याचं उत्तर तेव्हाच्या तंत्रज्ञानात नव्हतं.

प्रोटोकॉल हा शब्द साहेबांना फार आवडला. दोन मशीनं बोलताना आधी कोण बोलणार, किती बोलणार, समोरच्याला पोचलं हे कसं कळणार, याचे आधीच ठरलेले नियम. आमच्या ऑफिसात ते पूर्वापार होतेच. साहेब बोलणार, हवं तितकं बोलणार, आणि समोरच्याला पोचलं हे त्याच्या मान हलवण्यावरून कळणार.

पुढं ॲड्रेस आला, आणि त्याच्याबरोबर नाव. मी भाबडेपणानं म्हणून गेले, "प्रत्येक मशीनला एक नाव द्यावं लागतं. सगळी मशीनं त्याला त्याच नावानं हाक मारतात. नाव काय ठेवायचं ते आपणच ठरवायचं."

कॅन्टीनमध्ये एकदम शांतता पसरली. ज्या साली मी हे बोलले, त्याच साली संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं होतं. त्या एका नावासाठी आमच्या भागात लोकांनी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. खेड्यापाड्यांत घरं जाळली गेली, माणसं गेली. शेवटी सरकारनं त्याला नामविस्तार असं नाव दिलं, म्हणजे नाव बदललंही आणि बदललं नाहीही. ज्यांना ते हवं होतं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ज्यांना नको होतं ते तोंड मिटून बसले. आमच्या ऑफिसात दोन्ही प्रकारची माणसं एकाच पंख्याखाली बसत.

त्यातलं डोळ्यांत पाणी आलेलं माणूस म्हणजे स्टोअर सांभाळणारे भाऊ. कन्नडकडच्या एका खेड्यातल्या बौद्ध घरातले. बी. ए.च्या वर्गात असताना नामांतरासाठी तुरुंगात जाऊन आलेले. अंगानं सडसडीत, जिभेनं तिखट. नामांतर झालं त्या दिवशी त्यांनी सगळ्या टेबलांवर पेढे वाटले होते. बहुतेकांनी खाल्ले. परचेसच्या माणसानं "नंतर खातो" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला. चार दिवसांनी त्याच्या ड्रॉवरमधून मुंग्यांची रांग निघाली. भाऊ ती रांग बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मुंग्यांना जात नसती, तेच बरंय."

तर कॅन्टीनमधल्या त्या शांततेत साहेब उठले. "नावं नकोत," म्हणाले. "आत्ता कुठं शहर थंड झालंय. नंबर द्या."

"आमची निम्मी जवानी नावासाठी गेली, साहेब," भाऊ मागून म्हणाले, "आन आता म्हणता नंबर घ्या." लोक हसले. भाऊ हसले नाहीत. नंबर द्यायचं ठरलं आणि मग एक नंबर कुणाचा, यावरून सेल्स आणि प्रॉडक्शन दिवाळीनंतर पहिल्यांदा एकमेकांशी बोलले. जे बोलले ते मी लिहिणार नाही.

शेवटचा शब्द राहिला होता, सर्व्हर. लोक दमले होते, मीही दमले होते, म्हणून जे सगळ्यात सोपं सुचलं ते सांगितलं. म्हटलं, पंगत डोळ्यांसमोर आणा. बसणारे म्हणजे क्लायंट. आणि जो भांडं घेऊन फिरतो, ज्याला जे हवं ते वाढतो, तो सर्व्हर. सगळ्यांच्या फायली एका मशीनमध्ये असतात, बाकीची मशीनं मागतात, ते मशीन वाढतं. ते मोठं मशीन साहेबांच्या केबिनमध्ये बसवायचं ठरलंय.

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे आमचं मशीन वाढपी?"

"साहेब, वाढपी नसेल तर पंगत उपाशी बसते."

"ते असू दे. मॅनेजर वाढतो कुठं? माझं क्लायंट करा." त्यांनी कॅन्टीनभर नजर फिरवली आणि मागच्या बाकावर आणून थांबवली. "सर्व्हर स्टोअरला ठेवा. नाहीतरी माल देण्याचं काम त्यांचंच आहे."

सगळ्यांनी माना हलवल्या, म्हणजे पोचलं. भाऊ मात्र माझ्याकडं बघत होते. बैठक सुटल्यावर आवारात त्यांनी मला गाठलं. "ताई, तुमी वाढपी म्हणलात त्येचा मला राग नाय," म्हणाले. "पण एक सांगू? आमच्या गावात आमच्या हातून कुणी वाढून घेतलं नाय. पंगतीला बोलावलं तर लांब बसवलं. आता ह्या साहेबानं सगळ्या हापिसाला माझ्या हातून वाढून घ्यायला लावलंय, आन त्याला ते कळलं बी नाय."

तिथंच, उन्हात उभं राहून, त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. दुपारी ऑफिसच्या हॉलमध्ये दोन टेबलं जोडायची, पेपर अंथरायचा, आणि सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे, ही आमच्याकडची पद्धत. भाऊ शेड उभी राहिली तेव्हापासूनचे, आणि जेवायचे स्टोअरमध्ये, एकटे. मला वाटायचं स्टोअर आवाराच्या टोकाला, लांब पडतं म्हणून. सगळ्यांना तसंच वाटायचं, किंवा वाटायला सोयीचं होतं. "मला कुणी नको म्हणलं नाय," भाऊ म्हणाले. "पण ये बी म्हणलं नाय. न बोलवता म्या जायचा नाय. एकदा तरी कुणी म्हणावं, बस, येवढंच मनात हाय." जेलमध्ये जाऊन आलेला तो माणूस हे सांगताना जमिनीकडं बघत होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त चीड आली.

सर्व्हर आला. त्याच्याबरोबर कॉम्प्युटर कंपनीचा माणूस आला आणि त्यानं सांगितलं, हे मशीन नाजूक आहे, याला धूळ चालत नाही, उष्णता चालत नाही, बंद खोली पाहिजे आणि एसी पाहिजे, नाहीतर गॅरंटी गेली. साहेब तेव्हा पुण्याला होते. परत आले तोवर स्टोअरचा एक कोपरा प्लायवूडनं बंदिस्त झाला होता, भिंतीला भोक पडलं होतं, आणि कारखान्यातला पहिला एसी भाऊंच्या खुर्चीमागं गुरगुरत होता. साहेबांच्या केबिनमध्ये कूलर होता. त्याला पाणी घालायचं, आणि आमच्याकडं पाणी टँकरनं यायचं.

नेटवर्क सुरू झालं. पासवर्ड म्हणजे तुमच्या कपाटाची किल्ली, कुणाला सांगायचा नाही, असं मी टेबलाटेबलाला जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी काका हॉलच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ओरडून विचारत होते, "पोरी, माझा पासवर्ड गणपती ठेवलाय का गजानन?" संध्याकाळपर्यंत प्रत्येकाचं दैवत सगळ्यांना माहीत झालं होतं. भाऊंनी मात्र आपला पासवर्ड कुणाला सांगितला नाही. मी नियम शिकवला होता, तो पाळणारा एकच निघाला.

मग मार्च संपला. मराठवाड्यातला उन्हाळा पत्र्याखाली ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. सगळ्यात आधी काका स्टोअरला गेले, "माझ्या फायली नीट आहेत ना ते बघतो" म्हणून. फायली त्यांच्या टेबलावरूनही दिसत होत्या, तेच तर नेटवर्क. पण काकांना त्या जवळून बघायच्या होत्या, एसीसमोर. दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी डिस्पॅचचे दोघं गेले, मग सेल्स, मग प्रॉडक्शन, आणि आठवड्याभरात हॉलमधली जोडलेली टेबलं रिकामी पडली. परचेसचा माणूस सगळ्यात उशिरा आला, पण आला. एसीपुढं त्याचंही काही चाललं नाही.

आत शिरताना धूळ जाऊ नये म्हणून दारावर पाटी होती, चपला बाहेर काढा. रोज दुपारी स्टोअरच्या उंबऱ्याबाहेर देवळासारख्या चपलांच्या रांगा लागायच्या. भाऊ आत चटई अंथरून तयार असायचे. "या, या. सिस्टिम चेक करायला आलात व्हय? बसा, जेवता जेवता चेक करा." पहिले काही दिवस ज्याचा डबा त्यानंच खाल्ला. मग एकदा काकांची भाजी अळणी निघाली. भाऊंनी न बोलता ठेच्याची डबी पुढं सरकवली. काका क्षणभर थांबले, एसीकडं बघितलं, आणि ठेचा घेतला. डोळ्यांतून पाणी काढत त्यांनी तो संपवला आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या विचारलं, "आज आणलाय ना?" त्यानंतर कुणाचं काय कुणाच्या पोळीवर गेलं याचा हिशेब राहिला नाही. परचेसवाल्यानं भाऊंच्या घरच्या वांग्याची तारीफ केल्याचं मी या कानांनी ऐकलंय. भाऊ त्या दिवसांत ओळखू येत नव्हते. त्यांची जीभसुद्धा मऊ झाली होती. मलाही वाटायला लागलं, तारांनी जोडलेली माणसं खरंच जोडली जातात की काय.

साहेब या पंगतीत नव्हते. मॅनेजरनं स्टोअरमध्ये जेवणं प्रोटोकॉलमध्ये बसत नव्हतं. ते कूलरसमोर घाम पुसत बसत आणि हॉल रिकामा का, म्हणून शिपायाला विचारत.

मे महिन्यात भाऊंच्या भाचीचं लग्न निघालं आणि ते दोन दिवस कन्नडला गेले. स्टोअरला कुलूप, किल्ली भाऊंच्या खिशात, हा कारखान्याचा जुना रिवाज. नेमकी वीज गेली, आली, आणि सर्व्हर बंदच राहिला. नेमके पुण्याचे पाहुणे आले होते आणि साहेबांना त्यांना आपलं नेटवर्क दाखवायचं होतं. साहेबांच्या पडद्यावर एकच ओळ, सर्व्हर सापडत नाही. मला बोलावलं. म्हटलं, आत जाऊन मशीन सुरू करावं लागेल. मग दुसरी किल्ली आणा, म्हणाले. दुसरी किल्ली स्टोअरमध्ये होती. कारखान्यातल्या सगळ्या जादा वस्तू स्टोअरमध्येच असत.

पाहुणे चहा पिऊन गेले. मग साहेब सावकाश म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे आधी सांगायला पाहिजे होतं. पंगतीत मालक तो वाढपीच असतो."

त्या शनिवारी सर्व्हर साहेबांच्या केबिनमध्ये गेला. कारण सुरक्षितता असं सांगितलं. सुरक्षिततेसाठी एसीही गेला. स्टोअरच्या भिंतीतल्या भोकाला पुठ्ठा लागला. मी केबल सोडवत होते तेव्हा भाऊ शेजारी उभे होते. मशीन हलवायला त्यांनीच हात लावला. "न्या," म्हणाले. "मशीन बी न्या, थंडी बी न्या. मला त्येचं काय नाय. आता दुपारी कोण कुठं बसतंय ते बघायचंय." मी मान वर केली नाही, कारण सोमवारी काय होईल ते मला माहीत होतं आणि त्यांनाही.

साहेबांच्या केबिनवर रविवारीच पाटी लागली, आत खाण्यास मनाई. सोमवारी दुपारी हॉलमधली टेबलं पुन्हा जोडली गेली, पेपर अंथरला गेला, पंखा गरम हवा फिरवू लागला. मी स्टोअरला गेले. भाऊंना ये म्हणायचंच, असं ठरवून गेले होते. त्यांनी चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली होती आणि डबा हातात घेतला होता. माझं तोंड उघडायच्या आत म्हणाले, "चला ताई, जेवायला."

आम्ही उन्हातून आवार ओलांडलं. हॉलमध्ये शिरलो. एकही खुर्ची रिकामी नव्हती. भाऊ टेबलाच्या टोकाशी उभे राहिले, डबा तसाच हातात.

"उन्हाळाभर तुमी माझ्याकडं जेवलात," ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "आपल्यात कुणाकडं जेवलं की त्याला परत बोलवायची रीत हाय. म्हणलं इसरला असाल. म्हणून मीच आलो."

काकांनी आपला डबा थोडा बाजूला सरकवला, पण खुर्ची कुठून आणायची हे कुणाला सुचेना. परचेसच्या माणसानं डब्याचं झाकण लावलं. "जरा फोन यायचाय एका पार्टीचा," म्हणत तो उठला.

"फोन इथंच आहे," काका म्हणाले. फोन खरोखरच टेबलावर होता, त्याच्या कोपराशी. "बस खाली. दोन महिने त्यांच्या चटईवर बसून वांगी खाल्लीस, तेव्हा नाही आला कुठला फोन."

तो बसला नाही. डबा घेऊन दाराबाहेर गेला. मला त्याचा फार राग आला. आज एवढ्या वर्षांनी लिहितानाही तो कमी झालेला नाही.

भाऊंनी तो जाईपर्यंत त्याच्याकडं बघितलं. मग त्याची खुर्ची ओढून सरळ केली.

"बरं झालं," म्हणाले, "जागा झाली."

आणि ते बसले. डबा उघडला, भाकरी मोडली, आणि सावकाश जेवू लागले. मी त्यांच्या शेजारी उभ्यानंच डबा उघडला. एकेकाचं जेवण आटोपलं, एकेक जण हात धुवायला उठला. भाऊंनी घाई केली नाही. त्या दुपारी टेबलावरून सगळ्यात शेवटी तेच उठले.